सोयाबीनचा हुरडा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कपाशीचा भाव आहे, वीजबिल आहे, पीकविम्याचे भांडण आहे. त्यात हे हिरव्या सोयाबीनचे प्रकरण कुठून घुसले, असे काहींना वाटेल. ते आम्ही हौसेने घेतलेले नाही. गेल्या दोन महिन्यांत तीन तालुक्यांतून कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारला. गावात गाडी येते, गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रे वाटते आणि सांगते की हे 'भाजीचे सोयाबीन', 'जपानी वाण'. शेंगा हिरव्या असतानाच तोडायच्या, कंपनी बांधावरून उचलणार आणि परदेशात पाठवणार. बियाण्याच्या पिशवीला साध्या सोयाबीनच्या चौपट पैसे, तेही आगाऊ. घ्यावे की नाही?

आपल्या भागात असे बरेच येऊन गेले. सफेद मुसळी आली, कोरफड आली, व्हॅनिलाची हवा झाली, इमू नावाचे पाखरू आले. विकणाऱ्यांनी बियाणे आणि पिल्ले विकली आणि ते गेले. त्यामुळे नव्या पिकाचे नाव निघाले की आमचा हात आधी खिशावर जातो. पण एवढ्यावरून नवे पीक म्हणजे लबाडीच, असे आम्ही म्हणणार नाही. आज ज्या सोयाबीनने आपल्या वावरातून ज्वारी हुसकावली, तेही आपल्या बापजाद्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा आधी हे पीक काय आहे ते नीट समजून घेऊ.

भाजीचे सोयाबीन ही काही निराळी वनस्पती नाही. आपण पेरतो तेच सोयाबीन, फक्त दाणा पूर्ण भरलेला पण अजून हिरवा असताना तोडलेले. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. ज्वारीचा हुरडा असतो तसा हा सोयाबीनचा हुरडा. हुरड्याला जशी गुळभेंडी, सुरती, कुचकुची अशी वेगळी ज्वारी लागते, दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटणारा लागतो, तसेच इथे आहे. साध्या सोयाबीनचे १०० दाणे १० ते १३ ग्रॅम भरतात, भाजीच्या वाणाचे ३० ग्रॅमच्या घरात जातात. दाण्यात साखर जास्त, शेंगेवरची लव पांढुरकी आणि विरळ. शेंगा मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटे उकळायच्या आणि दाणे दाताने ओढून खायचे. तुरीच्या हिरव्या शेंगा आपण उकडून खातो तसेच. कच्चे मात्र खायचे नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन बिघडवणारा घटक असतो, तो उकळल्यावरच मोडतो.

जपानात याला एडामामे म्हणतात, म्हणजे फांदीवरचे दाणे. इ.स. १२७५ मध्ये निचिरेन या बौद्ध भिक्षूने एका भक्ताला लिहिलेल्या पत्रात या शेंगांच्या भेटीबद्दल आभार मानले आहेत. म्हणजे पीक साडेसातशे वर्षांचे जुने. ते नवे आहे आपल्याला, आणि तिथल्याही एका मुलखाला नवेच होते. त्या मुलखाची गोष्ट आज आम्ही मुद्दाम सांगणार आहोत, कारण गाडीवाल्याच्या कागदावर चित्र तिथलेच आहे.

जपानच्या उत्तरेला होक्काइडो नावाचे मोठे बेट आहे. त्यावर टोकाची नावाचे मैदान आणि त्यात नाकासात्सुनाई हे खेडे. वस्ती चार हजारांच्या आसपास. हिवाळ्यात जमीन फूट-फूट गोठते. पेरणीला मे उजाडतो, आणि सप्टेंबर संपता संपता दव गोठून उभे पीक जळण्याची भीती सुरू होते. ऐन ऑगस्टमध्ये तिथले सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे पौषातल्या दुपारी याहून जास्त ऊन असते. शेतकऱ्याची जमीन मात्र भरपूर, टोकाचीत सरासरी ४० हेक्टरच्या आसपास. गहू, बटाटा, साखरेचे बीट आणि कडधान्य अशी त्यांची फेरपालट.

कडधान्यात मुख्य अझुकी. हा मुगा-चवळीच्या गोतातला लाल दाणा, जपानी मिठायांत याचे पुरण असते. टोकियोला १९५२ साली धान्याचा वायदेबाजार उघडला आणि अझुकीवर असा सट्टा चालला की लोक त्या दाण्याला लाल हिरा म्हणू लागले. टोकाचीत थंडी पडली की टोकियोत भाव उडायचा. पण ज्याचे पीक थंडीने गेले त्याच्या कोठारात विकायला काय असणार? हिरा सटोडियांच्या बोटात, शेतकऱ्याच्या हाती खडा. कापूसवाल्यांना ही गोष्ट सांगताना आम्हाला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. (उलट टोकाचा मासला आपल्याकडे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने सोयाबीनचे वायदेच बंद करवले, कारण भाव वर गेला होता. सट्ट्याने लुटले तरी आपण, बंदीने लुटले तरी आपणच.)

थंडीचा तडाखा काय असतो ते १९९३ साली दिसले. त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. जपानचे भाताचे पीक सरासरीच्या ७४ टक्क्यांवर आले आणि तांदळाच्या आयातीला दारे लावून बसलेल्या त्या देशाला सुमारे २६ लाख टन तांदूळ बाहेरून आणावा लागला. सोयाबीनचेही तसेच. फुलोऱ्याच्या दिवसांत पारा १५ अंशांखाली रेंगाळला की फुले झडतात, शेंगा पोचट राहतात. त्यातून जे वाचते ते पिकून वाळेपर्यंत गोठण्याचे दिवस येऊन ठेपतात.

आता अशा मुलखात शेंग हिरवी तोडण्यात काय शहाणपण आहे ते पाहा. दाणा वाळेपर्यंत थांबायचे नाही म्हणजे शेत महिनाभर आधी मोकळे. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात माल बाहेर, गोठण्याची भीती यायच्या आत. आणि त्याच रानात सप्टेंबरअखेर हिवाळी गहू पेरता येतो. थंडी हीच पिकाच्या उपयोगाचीही ठरते. थंड हवेत दाणा सावकाश भरतो, रात्री गार असल्यामुळे साखर टिकते, तोडणीला चार दिवस सवड मिळते. नाकासात्सुनाईच्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पीक धरले. टोकाचीच्याच प्रयोग केंद्राने काढलेले, तिथली थंडी सोसणारे ओसोदेनोमाई नावाचे वाण त्यांना मिळाले.

पण एवढ्याने काम भागत नाही. हुरड्याचे कणीस रात्रभर ठेवले तर सकाळी त्याची काय गत होते ते आपल्याला ठाऊक आहे. या शेंगेचेही तसेच. तोडल्या क्षणापासून तिची साखर उतरू लागते. दिवसभर पोत्यात राहिली की गोडी गेली, आणि गोडी गेलेल्या शेंगेला कोणी विचारत नाही. म्हणून तिथे तोडणीयंत्र शेतात शिरल्यापासून शेंग गोठेपर्यंत तीन तासांहून जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. शेंगा धुतात, वाफेत-पाण्यात उकळतात, थंड करतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. मग त्या वर्षभर विकता येतात. शाळांच्या जेवणात जातात, परदेशातही जातात.

हा कारखाना गावातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा आहे. सहकार म्हटले की आपल्यापैकी निम्म्यांच्या अंगावर काटा येतो, ते आम्ही समजतो. सूतगिरण्यांचे सांगाडे पाहायला लांब जावे लागत नाही. जपानचा सहकारही काही संतांचा मेळावा नव्हे, सरकारच्या मांडीवर वाढलेले ते लेकरू आहे. आम्ही तुम्हाला एवढेच दाखवतो आहोत की शेंग तोडायची तारीख, प्रतवारी आणि गोठवण ही तिन्ही कामे तिथे पिकवणाऱ्यांच्या हातात आहेत. कोणत्या शेतात यंत्र कधी जायचे ते त्यांचीच संस्था ठरवते. कारखाना दुसऱ्याचा असता तर त्याची गाडी उशिरा आली की शेंग पिवळी, आणि पिवळी शेंग म्हणजे तोटा कोणाचा, हे सांगायला नको. या शेंगेला तांदळासारखी आयातीची तटबंदीही नाही. जपानात दर वर्षी ७० हजार टनांच्या आसपास गोठवलेल्या शेंगा बाहेरून येतात, तैवान, चीन, थायलंडकडून. त्या स्वस्त मालासमोर नाकासात्सुनाई टिकले ते ताजेपणाच्या जोरावर.

अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्यातही असाच थंड पट्टा आहे. तिथल्या विद्यापीठाने १९९० च्या दशकापासून या पिकाचे प्रयोग केले. पीक येते हे सिद्ध झाले. पण हाताने तोडणीची मजुरी परवडेना, तेव्हा ते मुख्यतः शहरातल्या आठवडी बाजारापुरते राहिले. गोठवलेल्या शेंगा अमेरिकेतही बहुतांश चीनमधूनच येतात. तर थंड हवा दोन्हीकडे सारखी, हिशेब मात्र तोडणी आणि गोठवणीवर ठरला.

आता आपल्या वावरात या.

पहिली गोष्ट 'जपानी वाण' या शब्दाची. सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर फुलणारे पीक. दिवस लहान होऊ लागला की ते फुलोऱ्यावर येते. होक्काइडोत जूनमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, आपल्याकडे तेरा तासांपेक्षा थोडा जास्त. तिथल्या वाणाने त्या लांब दिवसांतही फुलावे म्हणून त्याला मुद्दाम हळवे केलेले असते. ते इथे आणून पेरले तर वीतभर उंचीवरच फुलून मोकळे होईल. चार शेंगा धरील आणि संपेल. तेव्हा वाण जपानी आहे हे ऐकून खूष होऊ नका, ते वाण आपल्या भागात कोणी, कोणत्या तारखेला पेरून पाहिले ते विचारा. देशातही यावर काम झाले आहे. रांचीच्या केंद्राने स्वर्ण वसुंधरा काढले, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने करुणे, आणि इंदूरच्या सोयाबीन संस्थेने एनआरसी १८८. ही नावे कृषी विज्ञान केंद्रात जाऊन सांगा आणि बियाणे मागा. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणायला सांगा.

दुसरी गोष्ट बियाण्याची. १२ ग्रॅमला शंभर या हिशेबाने साध्या सोयाबीनच्या एका किलोत आठ हजारांवर दाणे बसतात. ३० ग्रॅमच्या दाण्याचे सव्वातीन हजार. म्हणजे तेवढ्याच झाडांना अडीचपट वजनाचे बी, आणि त्याला चौपट भाव. एकरी काय पडेल ते घरी जाऊन पाटीवर मांडा. शिवाय दाणा मोठा आणि साल नाजूक. मळणीयंत्रातला एक तडाखा किंवा पेरल्यावर जमिनीला आलेली एक पपडी, आणि उगवण अर्ध्यावर. २०२० च्या खरिपात साधे सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर किती तक्रारी झाल्या ते विसरू नका.

तिसरी गोष्ट हवेची. मृगात पेरलेले पीक सत्तर दिवसांच्या आसपास, म्हणजे पोळा ते महालक्ष्म्या या सुमारास शेंगेवर येईल. तो भादव्यातला उकाडा. होक्काइडोत शेंग सवडीने भरते, आपल्याकडे ती आज हिरवी तर दोन-चार दिवसांत पिवळी. त्यात झडीचा पाऊस लागला, पांदणीत गाडी रुतली, तर संपले. हुरडा थंडीत येतो तसे हे पीक थंडीत घ्यावे, असे काहीजण म्हणतात. पण थंडीत दिवस लहान, म्हणजे पुन्हा वीतभर झाडाला फुले. आणि पाणी? ज्याच्या विहिरीला हिवाळ्यात पाणी आहे तो भाजीपाला करील.

याच दिवसांत कपाशीचे निंदण आणि डवरणी असते, मजूर मिळत नाही. शेंगा तोडायला हात कुठून येणार, याचा जाब गाडीवाल्याच्या कागदावर नाही. रोगकिडीचेही पाहा. खोडमाशी, चक्रीभुंगा आहेतच, आणि २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन कसे पिवळे पडले ते सर्वांनी पाहिले. वाळलेल्या दाण्याचे एक वेळ चालते, पण हिरवी शेंग फवारणीनंतर चार दिवसांत कोणाच्या तरी लेकराच्या तोंडात जाणार आहे. परदेशी खरेदीदार औषधाचा अंश तपासतो आणि अख्खा लॉट परत करतो.

एवढे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, मग विषय बंद करा. तसे आम्हाला वाटत नाही. कोरडवाहू माणसाला या पिकात दोन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या दिसतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रान मोकळे झाले तर ओल शिल्लक असताना रब्बी ज्वारी किंवा हरभरा वेळेवर पडतो. ज्यांची जमीन भारी आहे त्यांनी हे मनावर घ्यावे. ज्वारी गेल्यापासून कडबा गेला आणि कडबा गेल्यापासून दावण ओस पडली. तोडणीनंतर उरलेले हिरवे झाडही जनावराला चालते. दुसरे असे की खरेदीदार आलाच नाही तर मुसळीसारखे हे फेकावे लागत नाही. उभे ठेवले तर वाळून साधे सोयाबीन होते आणि बाजार समितीत जाते. मात्र तिथे गोडीला भाव नाही, वजनाला आहे, आणि तो कोणता हे आपण जाणतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आवकेच्या दिवसांत हर्रासात त्याच्या कितीतरी खाली बोली लागत होती. चौपट भावाच्या बियाण्याला हा आधार तोकडा आहे.

म्हणून गाडी पुन्हा आली तर तिला परत पाठवू नका, पारावर बसवा आणि चारचौघांसमोर विचारा. गोठवणीचा कारखाना कुठे आहे, गावापासून किती तासांवर? त्याचे नाव, गाव कागदावर लिहा. तोडणीचा दिवस कोण ठरवणार, आणि त्या दिवशी गाडी आली नाही तर पैसे कोण देणार? वजन कुठे होणार, बांधावर की कारखान्यात? प्रत कोण लावणार? हा प्रतवारीचा खिळा सर्वांत मोठा आहे. तैवानच्या निर्यातीत अर्ध्या किलोत १७५ पेक्षा जास्त शेंगा नकोत, आणि प्रत्येक शेंगेत दोन किंवा अधिक दाणे हवेत, डाग नको, असा निकष वापरला जातो. एकदाणी शेंग बाद. मग एका झाडावरच्या किती शेंगा पास होतील? बाद शेंगा तिथे वाया जात नाहीत, सोलून दाणे विकतात, वाटून गोड सारणही करतात. इथे बाद माल कंपनी कोणत्या भावाने घेणार, हे करारात नसेल तर तो करार बियाणे विकण्याचा आहे, शेंगा घेण्याचा नाही.

संघटनेच्या कार्यकारिणीने ठरवले आहे ते असे. या खरिपात कोणीही या पिकासाठी आगाऊ रक्कम भरू नये. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यातून पाच शेतकऱ्यांनी दोन-दोन गुंठे पेरावे, कृषी विज्ञान केंद्रातून मिळेल त्या देशी वाणाचे. दोन तारखांना पेरा, मध्ये दहा-बारा दिवस ठेवा. वहीत चार तारखा लिहा: पेरणी, पहिले फूल, शेंग भरली तो दिवस आणि शेंग पिवळी पडू लागली तो दिवस. शेवटच्या दोन तारखांमधले अंतर आपल्याला सर्वांत जास्त सांगेल. एका बाईने दिवसभरात किती किलो तोडल्या तेही मोजा, मजुरी सोडून काय उरते ते त्यातूनच कळेल. पहिल्या शेंगा घरच्या मायबहिणींना उकडायला द्या. त्यांना आवडल्या नाहीत तर शहरातल्या बायका विकत घेतील अशी आशा धरू नका. आवडल्या तर दोन टोपल्या तालुक्याच्या बाजारात पहाटे नेऊन बसा आणि काय भाव मिळतो तो लिहा. ज्यांच्या शेतावर शहरचे लोक हुरड्याला येतात त्यांनी या शेंगा गोठवता येतील का, याचा विचार नंतर करू. महालक्ष्म्यांनंतरच्या बैठकीत वह्या घेऊन या.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांनी आज जाण्यापूर्वी पावतीची नक्कल मंचाच्या डाव्या बाजूला बसलेल्या कार्यकर्त्यांकडे द्यावी. पावतीच नसेल तर पिशवीवरचे लेबल कापून आणावे. त्यावर वाण, लॉट नंबर आणि उगवणशक्ती लिहिलेली असायला हवी, सोयाबीनला ती किमान ७० टक्के लागते. पिशवी फोडली असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, पोते वाळू देऊ नका. आठव्या दिवशी किती मोड आले ते मोजा आणि आकडा लेबलासकट तालुक्याच्या कार्यालयात पोहोचवा. पेरणीला अजून वेळ आहे.